इमॅक्समध्ये चित्रं आणि व्हिडिओ: मजकुराशेजारी पडदा कसा आणावा?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. भारुडं आणि गोंधळाची व्हिडिओ रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून काढायचं काम चालू आहे. फाइली एमपी४, ६४०×३६०, सेकंदाला २५ फ्रेम, एकेक तासाभराची. लिहिणं सगळं इमॅक्स या मजकूर-संपादकात, त्याच्या ऑर्ग मोडमध्ये (मथळे आणि दुव्यांसह टिपणं लिहायची सोय). यंत्र म्हणाल तर ४ जीबी रॅमचा लॅपटॉप, डेबियन १२, इमॅक्स २८.२.

हवंय ते असं: डावीकडे मजकूर, उजवीकडे व्हिडिओ, दोन्ही एकाच खिडकीत. सोंगाचे हातवारे दिसल्याशिवाय भारुडातल्या निम्म्या ओळी कळत नाहीत, म्हणून नुसता आवाज भागत नाही. हात कीबोर्डवरून न उचलता थांबवणे, ३ सेकंद मागे जाणे आणि चालू वेळ मजकुरात टाकणे, एवढं जमलं पाहिजे.

आत्ता एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामकडून पीपीएम (न दाबलेलं कच्चं चित्र) फ्रेमा पाइपने घेऊन प्रोसेस-फिल्टरमध्ये (आलेला माल झेलणारं फंक्शन) जोडायच्या आणि क्रिएट-इमेजला द्यायच्या, अशी रचना आहे. सुरू होताच चित्र अडखळायलंय, आणि त्यासोबत टायपिंगही. रचनेतच खोट आहे का सेटिंगमध्ये?

---

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

दोन्हीत. आधी हिशोब मांडतो, मग दुरुस्ती.

६४०×३६०, पिक्सेलमागे ३ बाइट, म्हणजे एका फ्रेमचे ६,९१,२०० बाइट. वर पीपीएमचं शीर्षक १५ बाइटचं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १७.२८ एमबी. हा आकडा यंत्राच्या मानाने किरकोळ आहे. घोळ होतो तो लिस्पमधून, म्हणजे इमॅक्सच्या आतल्या भाषेतून, जाताना.

इमॅक्स २८ मध्ये रीड-प्रोसेस-आउटपुट-मॅक्स मुळात ४,०९६ बाइट असतं. म्हणजे एक फ्रेम पुरी व्हायला तुमचं फिल्टर १६९ वेळा चालतं. प्रत्येक वेळी आधीच्या स्ट्रिंगला कंकॅटने नवा तुकडा जोडला की आधीचं सगळं पुन्हा कॉपी होतं. बेरीज केली तर एका फ्रेमपायी ५८ एमबीच्या आसपास कॉपी आणि तेवढाच कचरा, म्हणजे वापर संपलेली मेमरी. जीसी-कॉन्स-थ्रेशोल्ड मुळात ८,००,००० बाइट आहे, त्यामुळे कचरा गोळा करणारा एकाच फ्रेममध्ये कैकदा जागा होतो. तो चालू असताना लिस्प थांबतं, आणि टायपिंग लिस्पच्याच हातात आहे.

पाइपचा मार्ग ठेवायचाच असेल तर एवढं करा:

फिल्टरमध्ये स्ट्रिंग जोडू नका. एक वेगळा बफर (इमॅक्समधला मजकूर ठेवायचा कप्पा) घ्या, त्यावर सेट-बफर-मल्टिबाइट निल, म्हणजे बंद, करा, आणि आलेला माल बफरच्या शेवटी टाकत जा. बफरमध्ये ६,९१,२१५ बाइट भरले की तेवढाच तुकडा बफर-सबस्ट्रिंग-नो-प्रॉपर्टीजने उचला आणि बफरमधून खोडा. फ्रेमची लांबी ठरलेली आहे, त्यामुळे शीर्षक शोधत बसायची गरज नाही.

मेक-प्रोसेसमध्ये कोडिंग बायनरी आणि कनेक्शन-टाइप पाइप द्या. कोडिंग राहून गेलं तर इमॅक्स त्या बाइटांना अक्षरं समजून उलगडायला जातं आणि फ्रेमची लांबीच बदलते. चित्र तिरपं फाटल्यासारखं दिसलं की पहिला संशय इथेच घ्या.

रीड-प्रोसेस-आउटपुट-मॅक्स ६५,५३६ करा. लिनक्सच्या पाइपची मूळ क्षमता तेवढीच असते. प्रोसेस-अ‍ॅडॅप्टिव्ह-रीड-बफरिंग निल करा.

आणि आकार खाली आणा: ३२०×१८०, सेकंदाला १०. मग प्रवाह १.७३ एमबीवर येतो आणि हे यंत्र तो पेलतं. पण या मार्गात आवाज नाही, आणि आवाज दुसरीकडून लावला तर ओठ जुळत नाहीत. तुमच्या कामाला हा मार्ग नाही, एवढं आत्ताच स्पष्ट सांगतो. लिस्पच्या हातात फक्त नियंत्रण आणि वेळ ठेवायची. पिक्सेल तिथून जाता कामा नयेत.

---

बालाघाट (बीड)

देवगिरी सरांनी कॅशेचं, म्हणजे दाखवलेली चित्रं काही वेळ मेमरीत साठवून ठेवण्याचं, सांगितलं नाही, ते जोडतो. प्रत्येक फ्रेम इमॅक्सच्या दृष्टीने नवीन चित्र असते, म्हणून ती इमेज कॅशेमध्ये जाऊन बसते. तिथे पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे फ्रेमला ९,२१,६०० बाइट, सेकंदाला २३ एमबी. इमेज-कॅशे-एव्हिक्शन-डिले ३०० सेकंदांचा आहे. त्यावरून ७,५०० फ्रेमा म्हणजे जवळपास ७ जीबी साठतील असा हिशोब लोक मांडतात, पण तसं होत नाही. चित्रं ४० च्या वर गेली की इमॅक्स हा अवधी स्वतःच घटवतं: १,६०० गुणिले अवधी, भागिले चित्रांच्या संख्येचा वर्ग. २५ च्या वेगाला हे सव्वादोनशे चित्रांच्या आसपास स्थिरावतं, म्हणजे २१० एमबी. वर सफाई प्रत्येक रीडिस्प्लेला (पडदा पुन्हा रंगवताना) होत नाही, तेव्हा थोडं जास्तच धरा.

४ जीबीत २१० एमबी फुकट घालवायचे कशाला? नवी फ्रेम लावायच्या आधी जुन्या चित्रावर इमेज-फ्लश चालवा. क्लिअर-इमेज-कॅशे नको, त्याने इमॅक्सच्या त्या खिडकीतली बाकीची चित्रंही उडतात आणि ऑर्गमधले फोटो पुन्हा पुन्हा लोड होतात.

---

गोदाकाठ (नांदेड)

आता कामाचा मार्ग. एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर स्वतः चित्र काढेल, पण इमॅक्सच्या पोटात बसून. एक्स-११ वर (लिनक्सची जुनी पडदा-व्यवस्था) हे व्यवस्थित चालतं.

पहिलं, जागा करा. स्प्लिट-विंडोला आकार उणे ६४०, बाजू टी (लिस्पमधलं ‘हो’) आणि पिक्सेलवाइज टी द्या. उजवीकडे बरोब्बर ६४० पिक्सेलची नवी विंडो, म्हणजे खिडकीतला वेगळा भाग, मिळते. तिच्यात एक रिकामा बफर ठेवा.

दुसरं, चाइल्ड फ्रेम. इमॅक्समध्ये फ्रेम म्हणजे अख्खी खिडकी, आणि ही तिच्या आत बसणारी छोटी खिडकी. ही सोय इमॅक्स २६ पासून आहे. मेक-फ्रेमला पॅरेंट-फ्रेम म्हणजे चालू फ्रेम, मिनिबफर निल, अनडेकोरेटेड टी, नो-अ‍ॅक्सेप्ट-फोकस टी, नो-फोकस-ऑन-मॅप टी. रुंदी आणि उंची टेक्स्ट-पिक्सेल्स या रूपात ६४० आणि ३६०. नुसता आकडा दिला तर तो अक्षरांत मोजला जातो आणि फ्रेम स्क्रीनभर होते. जागा विंडो-पिक्सेल-एजेसवरून काढा. इनहिबिट-डबल-बफरिंग टी हे पण घाला, नाहीतर व्हिडिओवर लुकलुक दिसते.

तिसरं, त्या चाइल्ड फ्रेमचा आउटर-विंडो-आयडी फ्रेम-पॅरामीटरने वाचा. तो स्ट्रिंग म्हणून येतो, तसाच एमपीव्हीच्या डब्ल्यूआयडी पर्यायाला द्या. सोबत इनपुट-व्हीओ-कीबोर्ड नो आणि इनपुट-कर्सर नो द्या, म्हणजे एमपीव्ही कीबोर्ड-माउस बळकावणार नाही. कीप-ओपन यस दिलं की फाइल संपल्यावर पडदा गायब होत नाही.

चौथं, इनपुट-आयपीसी-सर्व्हरला सॉकेटचा (दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती जोडणी) मार्ग द्या आणि इमॅक्समधून मेक-नेटवर्क-प्रोसेस, फॅमिली लोकल, असं जोडा. दोन ठिकाणी हमखास अडतं. एक, एमपीव्ही सुरू झाल्याबरोबर सॉकेट तयार नसतं. जोडणी फसली की ०.१ सेकंदाच्या टायमरने पुन्हा प्रयत्न ठेवा. दोन, प्रत्येक जेसन आज्ञेच्या शेवटी नवी ओळ हवीच. ती नसेल तर एमपीव्ही काही न बोलता वाट बघत बसतं. उत्तरंही तुकड्या-तुकड्यांनी येतात, नवी ओळ दिसेपर्यंत साठवा आणि मगच जेसन-पार्स-स्ट्रिंगला द्या.

या रचनेत इमॅक्सवर व्हिडिओचा भार पडतच नाही. एचडब्ल्यूडेक ऑटो-सेफ ठेवलं आणि यंत्रात सोय असली तर डिकोडिंग ग्राफिक्स चिपवर जातं.

खिडकीचा आकार बदलला की चाइल्ड फ्रेम आपोआप सरकत नाही. विंडो-साइझ-चेंज-फंक्शन्समध्ये सेट-फ्रेम-पोझिशन करणारं छोटं फंक्शन टाका.

---

मांजराकाठ

गोदाकाठ दादा, पडदा आला! पण दोन गोष्टी. वेलँडच्या (लिनक्सची नवी पडदा-व्यवस्था) सेशनमध्ये व्हिडिओ आत न येता वेगळ्या खिडकीत उघडायलाय, एक्स-११ च्या सेशनमध्ये मात्र नीट बसतो. आणि ३ सेकंद मागे म्हटलं की कधी ३, कधी थेट ९-१० सेकंद मागे जायलंय.

---

गोदाकाठ

वेलँडचं कारण असं: डेबियन १२ चं इमॅक्स एक्सवेलँडमधून (वेलँडमध्ये एक्स-११ चे प्रोग्राम चालवणारा थर) चालतं, पण एमपीव्हीला वातावरणात वेलँड दिसलं की ते तिकडेच जातं. तिथे दुसऱ्याच्या खिडकीत बसायची सोय नाही. एमपीव्ही सुरू करताना प्रोसेस-एन्व्हायर्नमेंटच्या पुढे वेलँड-डिस्प्ले हे नाव बरोबरच्या चिन्हाशिवाय जोडा. इमॅक्समध्ये तसं लिहिलं की ते चल (व्हेरिएबल) त्या प्रोसेसपुरतं काढून टाकलं जातं. जीपीयू-कॉन्टेक्स्ट एक्स-११-ईजीएल असा पर्याय दिला तरी चालेल.

इमॅक्स २९ पासून शुद्ध जीटीकेची वेगळी बांधणी आली आहे, तिच्यात हा डब्ल्यूआयडीचा मार्ग बंद. विंडो-सिस्टिम हे चल बघा: एक्स आलं तर ठीक, पीजीटीके आलं तर एक्स-११ ची बांधणी बसवा.

मागे जाण्याचं दुखणं की-फ्रेमचं, म्हणजे अधूनमधून पूर्ण साठवलेल्या फ्रेमांचं, आहे. एमपीव्ही सापेक्ष उडी मुळात की-फ्रेमवर मारतं. एक्स२६४ या व्हिडिओ दाबणाऱ्या एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये दोन की-फ्रेमांत जास्तीत जास्त २५० फ्रेमांचं अंतर असतं, तुमच्या वेगाला म्हणजे १० सेकंद. आज्ञा अशी पाठवा: सीक, उणे ३, रिलेटिव्ह+एक्झॅक्ट. मधल्या फ्रेमा डिकोड करून अचूक जागी येतं. क्षणभर जास्त लागतो, पण ओव्या उतरवताना अचूकपणाच हवा.

वेग कमी करायचा तर स्पीड ०.७५ ठेवा. आवाजाची पट्टी मुळातच सांभाळली जाते, त्यामुळे गाणाऱ्याचा सूर उतरत नाही.

---

पूर्णेचं_पाणी (हिंगोली)

एक्सविजेट (इमॅक्सच्या आत ब्राउझर बसवायची सोय) घेऊन त्यात वेबकिट या ब्राउझर-इंजिनने एचटीएमएलचा व्हिडिओ टॅग चालवला तर? सगळंच आत होईल ना?

---

बालाघाट

होईल, पण आता त्या वाटेला जाऊ नका. एक्सविजेट इमॅक्स २५ पासून आहे आणि बांधणीतच चालू करावं लागतं. सिस्टिम-कॉन्फिगरेशन-फीचर्समध्ये एक्सविजेट्स हा शब्द नसेल तर तुमच्या इमॅक्समध्ये ते नाही. वेबकिटजीटीके २.४१.९२ पासून पुढच्या आवृत्त्यांशी इमॅक्स क्रॅश व्हायचं, म्हणून इमॅक्स ३० चं कॉन्फिगर अशा आवृत्त्या नाकारतं. त्यात एमपी४ साठी जीस्ट्रीमरचे वेगळे प्लगइन लागतात, आणि ४ जीबीत वेबकिटची प्रोसेस पोसायची ती वेगळीच.

---

दुधना (परभणी)

व्हिडिओ बाहेर ठेवला तरी स्थिर चित्रं इमॅक्सच्या आतच शोभतात. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये गौळण कुठे, अभंग कुठे, सोंग कधी बदललं, हे नजरेने सापडायला दोन पट्ट्या फार उपयोगी पडतात.

एक, छोट्या चित्रांचा तक्ता. एफएफएमपेगला फिल्टर द्या: एफपीएस १/१०, स्केल १६०:-२, टाइल ६×६०, आणि फ्रेम्स:व्ही १. दर १० सेकंदाला एक, म्हणजे तासाचे ३६० तुकडे एकाच ९६०×५४०० च्या चित्रात. कॅशेमध्ये हे २०.७ एमबी घेतं आणि एकदाच. मजकुरात हवा तो तुकडा दाखवायला डिस्प्ले प्रॉपर्टीत स्लाइस वापरा: स्लाइस, एक्स, वाय, १६०, ९०, आणि सोबत तेच चित्र. क्रिएट-इमेज एकदाच करून तीच वस्तू सगळीकडे द्यायची. ३६० वेगळ्या जेपीजी फाइली केल्या तर बफर उघडताना जाणवतं.

हा तक्ता अख्खा एका ओळीत टाकू नका. विंडोपेक्षा उंच चित्र आलं की स्क्रोल उड्या मारतो. इन्सर्ट-स्लाइस्ड-इमेजने ६० ओळी आणि १ स्तंभ करा, मग ओळीओळीने सरकतं.

दोन, आवाजाची पट्टी. फिल्टर शोवेव्ह्जपिक, आकार १२००×८०, फ्रेम्स:व्ही १. संबळ वाजला की पट्टी फुगते, नुसतं बोलणं असलं की आखडते. कुठे काय चाललंय ते लगेच कळतं. क्लिकवर त्या जागी उडी मारायची तर इव्हेंट-स्टार्टवर पोस्न-ऑब्जेक्ट-एक्स-वाय लावा, एक्सला चित्राच्या रुंदीने भागा आणि एकूण कालावधीने गुणा. रुंदी म्हणून डोळे मिटून १२०० लिहू नका. इमेज-स्केलिंग-फॅक्टर ऑटो असतो, आणि अक्षराची रुंदी १० पिक्सेलच्या वर गेली की चित्र आपोआप मोठं होतं. देवनागरीसाठी फॉन्ट मोठा ठेवणाऱ्यांना हे नक्की भोवतं. पोस्न-ऑब्जेक्ट-विड्थ-हाइटमधून खरी रुंदी घ्या.

चालू जागेची उभी रेघ एसव्हीजीने (रेघा-आकारांनी वर्णन केलेलं चित्र) काढता येते: एसव्हीजी-क्रिएट, वर एसव्हीजी-लाइन, ०.२५ सेकंदाचा टायमर. फक्त पट्टीचं पीएनजी एसव्हीजी-एम्बेडने आत भरू नका, दर वेळी अख्खं चित्र बेस६४, म्हणजे अक्षरांत, बदललं जातं. इमॅक्स २८ मध्ये एसव्हीजी-एम्बेड-बेस-यूआरआय-इमेज आहे, ते फाइलचा नुसता संदर्भ देतं. जुन्या एसव्हीजी चित्रावर इमेज-फ्लश इथेही करा.

---

मांजराकाठ

ही आवाजाची पट्टी भारीच काम करायलीय, दुधना ताई. आता वेळेचं. ऑर्गमध्ये वेळेचा दुवा टाकलाय, आयपीसीने टाइम-पॉस घेऊन. काही दुव्यांवर गेलं की व्हिडिओ थेट सुरुवातीला जातो. सगळ्यांवर नाही, काहींवरच.

---

बालाघाट

जे दुवे बिघडलेत त्यांतले आकडे बघा, देवनागरी असतील. हाताने दुरुस्त केलेले असणार, आणि त्या वेळी इनपुट मेथड चालू असणार. स्ट्रिंग-टू-नंबर फक्त इंग्रजी आकडे वाचतं, देवनागरी आकडा दिला की शून्य परत करतं. शून्य म्हणजे फाइलची सुरुवात. इंग्रजी ० ते ९ चा रेगेक्स (शोधायचा नमुना) पण तिथे जुळत नाही.

उपाय: दुवा वाचणाऱ्या फंक्शनमध्ये आधी आकडे बदलून घ्या. प्रत्येक अक्षराचा कोड १६ च्या पायात ९६६ ते ९६एफ यांच्यात असेल तर ९६६ वजा करून ४८ मिळवा. दोन ओळींचं काम आहे, आणि मग मजकुरात देवनागरी आकडे खुशाल ठेवता येतात.

दुव्याचा प्रकार ऑर्ग-लिंक-सेट-पॅरामीटर्सने नोंदवा, फॉलोमध्ये सीक अ‍ॅब्सोल्यूट पाठवणारं फंक्शन. दुव्याच्या आत सेकंद दशांशासकट ठेवा, ७६१.४ असे, दिसायला मात्र फॉर्मॅट-सेकंड्सने तास-मिनिट-सेकंद करा. ओवीची सुरुवात अर्ध्या सेकंदाने चुकली तरी पहिला शब्द हुकतो.

कळा म्हणून एफ७, एफ८, एफ९ घ्या. इनपुट मेथड साधी अक्षरंच बदलते, त्यामुळे इनस्क्रिप्ट चालू असतानाही या कळा तशाच लागतात.

शेवटी याची उपशीर्षकं करायची असतील तर सबएड नावाचं पॅकेज घ्या. एसआरटी, व्हीटीटी, एएसएस तिन्ही फाइली हाताळतं, एमपीव्हीशी याच सॉकेटच्या पद्धतीने बोलतं, आणि चालू ओळ पुन्हा पुन्हा वाजवण्याची सोय त्यात तयार आहे.

---

देवगिरी

मुळापासून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुढचा टप्पा लिहून ठेवतो. चाइल्ड फ्रेम हा वर ठेवलेला पडदा आहे. मजकुरासोबत सरकणारा, ओळीत बसणारा व्हिडिओ हवा असेल तर डायनॅमिक मॉड्यूल, म्हणजे सी सारख्या भाषेत लिहून इमॅक्सला जोडायचा भाग, लागतं. ते इमॅक्स २५ पासून आहे.

मॉड्यूलमध्ये लिबएमपीव्हीचं (एमपीव्हीची लायब्ररी) सॉफ्टवेअर रेंडर वापरायचं. ते तुम्ही दिलेल्या मेमरीत पिक्सेल भरतं, आरजीबी० रूपात, पिक्सेलमागे ४ बाइट. ओळीची लांबी ६४ च्या पटीत ठेवावी. ६४० रुंदीला २,५६० बाइट, ते ६४ ने बरोबर भागतात.

अडचण धाग्यांची, म्हणजे थ्रेडची. नवी फ्रेम तयार झाल्याची सूचना एमपीव्ही कुठल्याही थ्रेडवरून देतं, आणि इमॅक्सचं एन्व्ह (मॉड्यूलला इमॅक्सशी बोलायला मिळणारं साधन) दुसऱ्या थ्रेडवरून हाताळलं की क्रॅश ठरलेला. त्या सूचनेच्या आत एमपीव्हीचीही फंक्शनं बोलवायची नाहीत. इमॅक्स २८ मध्ये याचं नीट उत्तर आलं: ओपन-चॅनल. मेक-पाइप-प्रोसेस करून त्याचा फाइल डिस्क्रिप्टर मॉड्यूलला मिळतो. सूचना आली की त्यात एक बाइट लिहायचा, बस. इमॅक्सचं फिल्टर मुख्य थ्रेडवर जागं होतं आणि तिथून रेंडर बोलवायचं. लिस्पमधले थ्रेड इथे कामाचे नाहीत, ते एका वेळी एकच चालतात.

प्लगइन-इज-जीपीएल-कंपॅटिबल हे चिन्ह मॉड्यूलमध्ये नसेल तर मॉड्यूल-लोड सरळ नकार देतं, हे विसरू नका.

आणि खरी भिंत ही: मॉड्यूलच्या एपीआयमधून इमॅक्सच्या चित्राच्या पिक्सेलना हात लावता येत नाही. मेक-युनिबाइट-स्ट्रिंगने, हेही २८ पासूनच, फ्रेम लिस्पला द्यावी लागते आणि पुन्हा एक कॉपी, पुन्हा कॅशे. ती वाचवायची तर इमॅक्सच्या सी कोडात, इमेज.सी मध्ये, असा चित्रप्रकार हवा ज्याची मेमरी मॉड्यूल थेट लिहील आणि फक्त तेवढाच भाग पुन्हा रंगवला जाईल. काम मोठं आहे, कारण एक्स, कैरो, पीजीटीके, मॅक, विंडोज, हायकू, अँड्रॉइड या प्रत्येकाचं चित्र रंगवण्याचं अंग वेगळं. पण हे झालं तर नुसता व्हिडिओच नाही, आलेख, नकाशे, पीडीएफ, सगळ्यालाच वेग येईल. इमॅक्स २१ ने २००१ मध्ये चित्रं आणली, त्या पायावर चढवायचा हा पुढचा मजला आहे, आणि सी येणाऱ्यांनी यात हात घालावा असं मला मनापासून वाटतं.

---

दुधना

लाइट जाणाऱ्या गावांत डेस्कटॉपवर हेच काम करणाऱ्यांसाठी. ऑटो-सेव्ह-व्हिजिटेड-मोड चालू ठेवा, थांबलात की ५ सेकंदांनी मूळ फाइलच जतन होते. व्हिडिओची जागा मात्र एमपीव्हीला ती जतन करायला सांगितलं तरच राहते. त्यासाठी ६० सेकंदांच्या टायमरने आयपीसीवर राइट-वॉच-लेटर-कॉन्फिग ही आज्ञा पाठवत रहा. लाइट आल्यावर तीच फाइल उघडली की मिनिटभर आधीच्या जागेवरून सुरू होते.

---

मांजराकाठ

देवनागरी आकड्यांचाच घोळ होता, सगळे दुवे लागले. एक राहिलं: ओळीत छोटं चित्र आलं की मात्रा-वेलांट्यांसकट ओळ वर-खाली होते.

---

दुधना

चित्राला असेंट सेंटर द्या. मूळ असेंट ५० आहे, त्यात अर्धं चित्र बेसलाइनच्या खाली लोंबतं. उंची फ्रेम-चार-हाइटच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नका. ९० पिक्सेलचा तुकडा ओळीच्या मध्ये न टाकता स्वतंत्र ओळीवरच टाका.